वीस मिनिटांची उसंत

घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊ गल्ली रात्री उशिरा निवायला लागली, की मोरीपाशी गडबड सुरू होते. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडून खराटा फिरवला जातो. पावभाजीचा तवा उलथन्याने खरवडला जातो. सांबाराची पातेली, चटणीचे डबे, तेलाने काळवंडलेले झारे एकावर एक रचले जातात आणि नळ पूर्ण सोडला जातो. लोणी, चीज, पामतेल, वाटणातले खोबरे, ताटात उरलेला भात, भांड्यांचा साबण हे सगळे एकाच जाळीतून खाली उतरते. अंधेरीच्या वीरा देसाई रोडवर, मुलुंडच्या पाच रस्त्यावर, बोरिवलीत स्टेशनच्या दोन्ही अंगांना त्याच सुमारास हेच चाललेले असते. गिऱ्हाईक केव्हाच घरी गेलेले असते. त्याच्या ताटातल्या तेलाची वाट मात्र अजून पुष्कळ लांबची आहे.

मोरीची ही जाळी आणि रस्त्याखालची मलवाहिनी यांच्या मध्ये एक पेटी असायला हवी. हॉटेलच्या धंद्यात, प्लंबरच्या तोंडी आणि सरकारी कागदावरही तिला ग्रीस ट्रॅप म्हणतात. स्टीलची, प्लास्टिकची किंवा जमिनीत बांधलेली विटा-सिमेंटची. आत एक-दोन आडभिंती. पाणी एका बाजूने येते, भिंतींना अडून संथ होते. भात, डाळ, कोथिंबिरीच्या काड्या तळाशी बसतात, तेल वर तरंगते आणि मधले, तुलनेने स्वच्छ पाणी खालून तोंड असलेल्या नळीवाटे बाहेर पडते. तिला ना मोटार लागते, ना वीज. फिरणारा एकही भाग नसलेले हे यंत्र आहे, आणि तरीही ते बंद पडते. कसे, ते समजायला आधी तर्रीकडे पाहावे लागेल.

मिसळीच्या पातेल्यावर तर्री जमताना ज्याने पाहिली आहे, त्याला ग्रीस ट्रॅपचे अर्धे शास्त्र ठाऊकच आहे. तेलाची घनता पाण्याहून साधारण आठ टक्क्यांनी कमी, म्हणून ते वर येते. पण तर्री जमते ती रस्सा न ढवळता ठेवल्यावर. डाव जोरात फिरवला की तेल पुन्हा रश्श्यात विखुरते आणि त्याला वर यायला पुन्हा वेळ द्यावा लागतो. ट्रॅपचे उरलेले अर्धे शास्त्र या वेळात आहे.

तो वेळ किती, याचे गणित जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडले. द्रवात चढणाऱ्या किंवा बुडणाऱ्या बारीक गोलाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तेलाचा थेंब ०.१५ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर संथ पाण्यात तो सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वर चढतो. पेटी ६० सेंटिमीटर खोल असेल तर तळापासून वर पोहोचायला त्याला दहा मिनिटे लागतात. तोच थेंब दहापट बारीक झाला, तर वेग शंभरपट घटतो आणि त्याच प्रवासाला सोळा-सतरा तास लागतात. म्हणून जमिनीखालचे मोठे ट्रॅप बांधताना पाणी आत वीस ते तीस मिनिटे रेंगाळेल, असा हिशेब धरतात. सगळेच तेल तेवढ्या वेळात वर येत नाही. मोठ्या थेंबांचे येते, आणि मलवाहिनीला खरा धोका त्यांचाच असतो.

आता हा हिशेब उपनगरातल्या एखाद्या हॉटेलात मांडून पाहावा. ऐन गर्दीत दोन मोऱ्यांतून मिनिटाला ३० लिटर पाणी जाते असे धरले, तर वीस मिनिटांच्या उसंतीसाठी ६०० लिटरची पेटी लागेल. गच्चीवर दिसणाऱ्या हजार लिटरच्या काळ्या टाकीच्या निम्म्याहून मोठी. मोरीखाली सरकवायची ५० लिटरची पेटी घेतली, तर तेच पाणी तिच्यात जेमतेम शंभर सेकंद थांबते. पाण्याचा जोर कमी करणारी झडप बसवली तर लहान पेटीही बरेच काम करते. पण मग मोरीतले पाणी हळू उतरते, भांड्यांचा ढीग वाढतो आणि घासणाऱ्याला बोल बसतात. जिथे भटारखान्यात दोन माणसे एकमेकांना अंग चोरून ओलांडतात, टेबलागणिक भाड्याचा हिशेब चालतो, तिथे काहीच न रांधणाऱ्या ६०० लिटरच्या पेटीला जागा कोण देणार? उपनगरातल्या ग्रीस ट्रॅपचा प्रश्न मुळात जागेचा आणि वेळेचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी मुंबईत सर्वांत महाग आहेत.

पेटी मोठी असली तरी तिला हरवणारी गोष्ट मोरीवरच ठेवलेली असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे तेलाला. त्यामुळे तेलाचे मोठे थेंब फुटून अतिशय बारीक होतात आणि पाण्यात दुधासारखे मिसळून राहतात. भांडे स्वच्छ होते ते याच गुणामुळे, आणि ट्रॅप फसतो तोही याच गुणामुळे, कारण बारीक थेंबाला वर यायला तासचे तास लागतात. त्यात कढत पाणी सोडले तर ट्रॅपमध्ये आधी साठलेला थरही पातळ होऊन पुढे निघतो. तुंबलेल्या मोरीत उकळते पाणी किंवा कॉस्टिक सोडा ओतल्यावर ती मोकळी झाल्यासारखी वाटते. तुंबलेला ऐवज तेवढ्यापुरता पुढे सरकलेला असतो. पाणी निवले की तो वीस-तीस मीटरवर, बहुधा शेजारच्या इमारतीच्या चेंबरपाशी, पुन्हा धरतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही गावे होती तेव्हा घरोघरी भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासत. राख तेल शोषून घेई, खरकटे आधीच गुरांच्या पाटीत गेलेले असे आणि मोरीचे पाणी मागच्या अळूला नाहीतर केळीला मिळे. घराघरामागे आपापला ट्रॅप होता, तो मातीचा होता. शहर उभे राहिले तसे परसातले हे काम रस्त्याखालच्या नळांवर आले, आणि त्या नळांकडे ते करायला माती नाही.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये मलवाहिनीत चरबीचा एक प्रचंड गठ्ठा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन १३० टन. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या शहर संग्रहालयात प्रदर्शनात मांडला गेला. ही हकीकत मुंबईत सांगितली की एक रास्त शंका पुढे येते. लंडनमध्ये थंडी आहे, तिथे चरबी गोठणारच. इथे बारा महिने घाम फुटतो, सांडपाणी कोमट असते. पामोलिन गोठणार कुठे?

पण तेल तेल म्हणून गटारात फार काळ राहत नाही. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. कढईतली उष्णता, तळणीतल्या पदार्थांतला ओलावा आणि पुढे गटारातले जिवाणू या साखळ्या कण्यापासून तोडतात. उबदार हवेत हे काम अधिकच भराभर चालते. भारत आयात करतो त्या खाद्यतेलांत पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा, आणि पामतेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ४४ टक्के असते पामिटिक आम्ल. रेणू अखंड असतो तोवर तेल कोमट पाण्यात पातळ राहते. सुटे झालेले पामिटिक आम्ल मात्र ६३ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यातही ते मेणासारखे घट्टच असते.

आणि गोष्ट इथेच थांबत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत जोएल ड्यूकोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटारातल्या अशा थरांचा बारकाईने अभ्यास केला. २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिले, की हे थर निव्वळ गोठलेल्या तेलाचे नसतात. सुट्या मेदाम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन त्यांचा साबण बनलेला असतो. कॅल्शियम येते कठीण पाण्यातून, आणि काँक्रीटच्या नळांतूनही. विहिरीच्या किंवा बोअरच्या कठीण पाण्यात अंघोळीचा साबण फेसाळत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट राप धरतो, तो राप म्हणजे कॅल्शियमचा साबणच. गटारात तो थरावर थर चढून दगडासारखा होतो. नळाचा व्यास आत आत येत जातो आणि एखाद्या दिवशी प्लास्टिकची पिशवी किंवा कापडाचा बोळा त्यात अडकला की काम पूर्ण होते.

साबणाचे हे रसायन मुंबईला जवळचे आहे. आर्देशीर गोदरेज यांनी १९१० च्या दशकाच्या अखेरीस प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून ‘चावी’ छाप साबण आणला. पुढे १९४० च्या दशकात गोदरेजने विक्रोळीत जमीन घेतली आणि तिथे कारखाने व वसाहत उभी राहिली, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण, हे दोन्हीकडे सारखेच. कारखान्यातला सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो, रस्त्याखालचा कॅल्शियमचा विरघळत नाही. एवढ्या एका फरकापायी महापालिकेला जेटिंग मशीन आणि सक्शनच्या गाड्या फिरवाव्या लागतात.

मोरीतून निघालेले पाणी पुढे जाते कुठे? मुंबईचे मलजल सात विभागांत गोळा होते. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. बोरिवलीची मोरी मालाड विभागात, मुलुंडची भांडुप विभागात, अंधेरी पश्चिमेच्या मोठ्या भागाची वर्सोवा विभागात. वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर इथे वर्षानुवर्षे काम करत आलेली तळी आहेत. त्यांत यंत्रांनी हवा घुसळली जाते, म्हणजे जिवाणूंना प्राणवायू मिळेल आणि ते घाण खाऊन टाकतील. मालाडला पाणी चाळून, रेती काढून खाडीत सोडण्याची व्यवस्था राहिली.

अशा तळ्यांत तेल पोहोचले की काय होते, ते आकड्यांनी पाहणे बरे. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमचे पूर्ण विघटन व्हायला सुमारे २.९ ग्रॅम प्राणवायू लागतो. लिटरभर तेलाचे वजन साधारण ९१५ ग्रॅम, म्हणजे त्याला सुमारे २.६ किलो प्राणवायू हवा. मुंबईच्या तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. भागाकार केला तर उत्तर येते जवळपास साडेतीन लाख लिटर. एक लिटर तळणीचे तेल पचवायला निसर्गाला एवढ्या पाण्यातला सगळा प्राणवायू खर्च करावा लागतो. शिवाय तेलाचा पापुद्रा पृष्ठभागावर पसरून नवा प्राणवायू आत शिरायलाही अडथळा करतो, आणि तेलावर पोसणारे काही तंतुमय जिवाणू प्रक्रियेच्या टाक्यांवर चिकट तपकिरी फेस चढवतात.

भांडुपच्या उदंचन केंद्राकडे जाणारा रस्ता पक्षिनिरीक्षकांना चांगला माहीत आहे. हिवाळ्यात पहाटे तिथे दुर्बिणी घेतलेली माणसे भेटतात. पलीकडे ठाण्याची खाडी. तिचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुलुंडमधल्या वड्याच्या कढईचा आणि या गुलाबी थव्यांचा संबंध लांबचा वाटतो, पण पाण्याच्या वाटेने मोजला तर तो काही किलोमीटरचा आहे.

एक दुसरी वाटही आहे, आणि ती अधिक वाईट. मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाचे पाणी नेणाऱ्या पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या. मोरीचे पाणी पहिल्या जाळ्यात जायला हवे. जिथे जोडणी चुकीची झालेली असते, किंवा रस्त्यालगतच्या जाळीत बादली रिकामी केली जाते, तिथे ते कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. तुळशी तलावाच्या परिसरातून निघून राष्ट्रीय उद्यानातून बोरिवलीत उतरणारी दहिसर नदी, शेजारची पोयसर, गोरेगाव-अंधेरीच्या बाजूची ओशिवरा, पवई-साकीनाक्याजवळून जाणारी मिठी, या चारही नद्यांनी हे पाणी पोटात घेतले आहे. पावसाळ्यात अंधेरी सबवे भरतो त्याचे खापर एकट्या तेलावर फोडणे चूक होईल. तो सखल आहे, मोगरा नाल्याला भरतीच्या वेळी पाणी लवकर ओढता येत नाही. पण कुठल्याही नळाचा व्यास आतून चिकट थराने घटलेला असेल, तर पहिल्या मोठ्या सरीला त्याची किंमत द्यावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून उपनगरातल्या माणसाला नाल्याच्या रुंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मग नियम काय सांगतो? तो एका कागदावर सापडत नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. नदी-नाल्यात सोडायचे असेल तर १० मिलिग्रॅम. गच्चीवरच्या त्या काळ्या टाकीच्या हजार लिटर पाण्यात २० ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा तेल, एवढीच ही मर्यादा. पावभाजीचा एक तवा धुतला तरी त्याहून अधिक लोणी निघते. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मधला प्लंबिंगचा भाग हॉटेल-उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरातले सांडपाणी ग्रीस ट्रॅपमधून नेण्यास सांगतो. मोठ्या हॉटेलांना १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. आणि उपाहारगृह चालवायचे तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खालचा महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. अंधेरी असेल तर के पूर्व किंवा के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन, अशी विभाग कार्यालयांची दारे ठरलेली.

इतक्या दारांतून कागद फिरतात, पण ते सगळे पेटी ‘आहे का’ एवढेच विचारणारे आहेत. पेटी काल साफ झाली का, हा प्रश्न विचारायला कुठल्याच दारावर सोयीची जागा नाही. खरा मुद्दा तोच आहे. वर तेलाचा आणि खाली गाळाचा थर वाढत गेला की मधल्या पाण्याला जागा उरत नाही. ६०० लिटरची पेटी निम्मी भरली, की ती ३०० लिटरची होते आणि वीस मिनिटांची उसंत दहावर येते. तुडुंब भरलेला ट्रॅप म्हणजे फक्त जरा रुंद नळ. तपासनीसाला तो जागेवर दिसतो, फॉर्मवर खूण होते, आणि तेल सरळ पुढे जात असते. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी म्हणूनच साधा मोजता येणारा नियम केला आहे. तेल आणि गाळ मिळून पेटीच्या खोलीचा चौथा हिस्सा व्यापला, की साफ करायचीच. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक काठी पुरते.

मुंबईसारखेच दाटीचे, समुद्राकाठचे, रस्त्यावर खाणारे शहर म्हणून हाँगकाँगकडे पाहता येईल. तिथे रेस्टॉरंटच्या परवान्याच्या अटींतच ग्रीस ट्रॅप येतो, आणि ट्रॅपमधून काढलेला ऐवज गोळा करून वेस्ट काउलूनच्या केंद्रात नेला जातो आणि तिथे त्यावर वेगळी प्रक्रिया होते. ही दुसरी अर्धी व्यवस्था फार मोलाची आहे. काढलेली चरबी टाकायला अधिकृत जागाच नसेल, तर ती रात्री मागच्या हाउस गल्लीत नाहीतर नाल्यात जाणार, आणि मग ट्रॅपचा सगळा खटाटोप वाया.

तळणीच्या तेलाबाबत भारताने ही दुसरी अर्धी व्यवस्था उभी करायला सुरुवात केली आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात बिघडलेल्या रेणूंचे प्रमाण वाढते. त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरायचे नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ ही मोहीम सुरू झाली. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे आणि ते अधिकृत संकलकालाच देणे बंधनकारक झाले. जुने तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांच्या कढईत जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू.

पण कढईतले तेल आणि ट्रॅपमधली चरबी ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. कढईतले तेल गाळले की बायोडिझेल करणाऱ्याला चालते, त्याला भाव मिळतो, म्हणून ते उचलायला माणूस दारात येतो. ट्रॅपमधल्या तपकिरी लगद्यात पाणी, अन्नकण, साबण आणि सुटी मेदाम्ले असतात. बायोडिझेलच्या नेहमीच्या पद्धतीत अल्कली वापरतात आणि सुट्या मेदाम्लांशी तिचा संयोग होऊन इंधनाऐवजी साबणच होऊ लागतो. त्यामुळे हा लगदा फुकटही कोणाला नको असतो. आज उचलणाऱ्यालाच पैसे देऊन हलवायची वस्तू म्हणून त्याची व्यवस्था करावी लागेल, आणि तिचा खर्च एकेकट्या उडपी हॉटेलवर टाकून चालणार नाही. वल्लभबाग लेनसारख्या गल्लीत प्रत्येक टपरीमागे पेटी बसवणे अशक्य आहे. पण सगळ्या ओळीसाठी रस्त्याखाली एक मोठा सामाईक ट्रॅप, आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येणारी सक्शनची गाडी, हे अशक्य नाही. जागा रस्त्याची, वर्गणी धंद्याची, गाडी पालिकेची, अशी ही वाटणी होऊ शकते.

बाजारात ट्रॅपमध्ये टाकायच्या जिवाणूंच्या आणि विकरांच्या पुड्याही मिळतात. चरबी ‘खाऊन टाकणारे’ औषध म्हणून त्या खपतात. त्यांतल्या काही पुड्या तेलाचे थेंब नुसते बारीक करतात, आणि हे थेंब पुढे मलवाहिनीत पुन्हा एकत्र येतात. हात न घालता ट्रॅप साफ ठेवण्याचा उपाय अजून तरी हाती आलेला नाही.

आणि तो हात कोणाचा, याबद्दल बोललेच पाहिजे. बंद चेंबरमधला गाळ कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असेल तेव्हा त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला असे वाटते आणि माणूस खाली उतरतो. सातशेच्या पुढे तो काही क्षणांत जीव घेऊ शकतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हॉटेलच्या आवारातला खोल, जमिनीखालचा ग्रीस चेंबरही तितकाच जीवघेणा असू शकतो. भांडी घासायला ठेवलेल्या पोराला दोरी बांधून त्यात उतरवणे हा गुन्हा मानलाच पाहिजे. हॉटेलातून एक चमचा तेल कमी वाहिले, तर पुढे कुठल्या तरी मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या कामगाराचे संकट तेवढे कमी होते. ग्रीस ट्रॅपच्या बाजूने बोलायला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

१९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. वरळी ५०० दशलक्ष लिटर, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५, वर्सोवा १८०, मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. उपनगरांच्या खाड्यांसाठी ही मोठीच आशा आहे. या केंद्रांत जिवाणूंकडून आजवर झाले नाही एवढे बारीक काम करून घेतले जाईल, आणि असे काम करणारे जिवाणू तेलाच्या बाबतीत अधिक नाजूक असतात. केंद्र कितीही मोठे असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधी पाणी किलोमीटरगणिक नळांतून येते. कॅल्शियमचा साबण धरतो तो त्या नळांत, केंद्राच्या बऱ्याच अलीकडे.

हॉटेलात करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत आणि बऱ्याचशा मोरीच्या आधीच्या आहेत. ताट पाण्याखाली धरण्यापूर्वी खरकटे ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटकणे. तवा आणि कढई आधी कागदाने किंवा लाकडाच्या भुशाने पुसून घेणे, जे काम पूर्वी राख करत असे. भांड्यांसाठी पाणी कोमट ठेवणे, कढत नव्हे. जाळी काढून न ठेवणे.

साफसफाईची योग्य वेळ पहाटेची. रात्री दीडच्या सुमारास नळ बंद झालेला असतो, साडेपाचपर्यंत पेटीतले पाणी चार तास हललेले नसते. गर्दीच्या वेळी वर यायला ज्यांना सवड मिळाली नाही, त्यांतले पुष्कळ थेंब तोवर वर आलेले असतात. लोणी आणि वनस्पती तुपाचा अंश असेल तर थरावर साय धरलेली असते. झाकण उघडून काही मिनिटे हवा खेळू द्यायची, काठी बुडवून थराची जाडी पाहायची, मग पसरट झाऱ्याने तो थर एका कडेकडून उचलत झाकणाच्या डब्यात भरायचा. तळाचा गाळ वेगळ्या बादलीत. वहीत तारीख आणि जाडी लिहायची. आणि झाकण लावायच्या आधी पेटी काठोकाठ साध्या पाण्याने भरून ठेवायची, कारण रिकाम्या पेटीत पहिले तेल तरंगायला पाणीच नसते. ते तळावरून घसरत थेट बाहेरच्या नळीत जाते. तोवर आत इडलीचे पहिले भांडे चुलीवर चढलेले असते.